ऐकू न येणारा कामगार आणि मशिनवरचं काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंढव्याच्या फोर्जिंगपासून भोसरीच्या प्रेसशॉपपर्यंत पुणे परिसरात धोक्याच्या मशिनवर रोज असंख्य हात चालतात. तिथे आयटीआय झालेला कर्णबधिर तरुण नोकरी मागायला गेला, की ‘पॅकिंगला घेतो, मशिनवर नको’ म्हणून त्याची बोळवण होते. हे काळजीपोटी होत असेल, पण त्यामागचे समज तपासायला हवेत.

गैरसमज : ऐकू येत नाही म्हणजे अपघात ठरलेला.
वस्तुस्थिती : हॅमर चालू असताना शेजारच्याची हाक धडधाकट कानालाही कळत नाही. शिवाय अशा ठिकाणी सगळ्यांनीच कानात प्लग घालायचे असतात. म्हणून तिथली सुरक्षितता नजरेवर आणि मशिनच्या रचनेवर बेतावी लागते. प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात डायपासून लांब राहतात. क्रेनखालचा माणूस तर्जनी वर करून गोल फिरवतो, तेव्हा माल वर जातो. दोन्ही हात आडवे पसरून हलवले, की क्रेन तातडीने थांबते. या खुणा ऐकणाऱ्यांनीच स्वतःसाठी ठरवल्या आहेत. आणि कारखान्यात कर्णबधिर कामगार ही नवी गोष्टही नाही : अमेरिकेतल्या अक्रन शहरात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टायर कारखान्यांत शेकडो कर्णबधिर कामगार होते.

गैरसमज : श्रवणयंत्र आहे, ओठही वाचता येतात, मग अडचण काय?
वस्तुस्थिती : श्रवणयंत्र बोलण्याबरोबर शॉपमधला गोंगाटही वाढवतं. मास्क किंवा वेल्डिंगची ढाल आली, की ओठ झाकले जातात. दिसले तरी प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. सूचना लेखी, चित्रांतून किंवा भारतीय सांकेतिक भाषेत द्याव्यात, प्रशिक्षणाला दुभाषक असावा. ‘कळलं का?’ म्हणून मान डोलवून घेण्याऐवजी काम करून दाखवायला सांगावं.

गैरसमज : त्याला इअरप्लगची गरज नाही.
वस्तुस्थिती : बऱ्याच कर्णबधिरांना थोडंफार ऐकू येतं आणि गोंगाटाने तेही जातं. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा धरली जाते. बंद केलेलं श्रवणयंत्र हे कानाचं संरक्षण नव्हे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा दुखत नाही, हळूहळू वाढतो आणि गेलेलं ऐकू येणं परतत नाही. आज ऐकणारा कामगारही त्या वाटेवर असू शकतो.

गैरसमज : सोयी करणं परवडत नाही.
वस्तुस्थिती : भोंग्याला जोडलेला लुकलुकणारा दिवा, वळणावर बहिर्गोल आरसा, फोर्कलिफ्टची आखलेली वाट, आगीच्या सरावात ठरलेला जोडीदार : एवढ्याने बराच फरक पडतो. माणूस एकटा असतो अशा स्वच्छतागृहातही दिवा हवाच. यातली प्रत्येक सोय प्लग घातलेल्या सहकाऱ्यालाही वाचवते. काहींच्या अंतर्कर्णातील दोषामुळे तोल जाऊ शकतो; म्हणून उंचीवरच्या कामाआधी त्या व्यक्तीची तपासणी करावी, सरसकट बंदी नको.

गैरसमज : कायदाच आडवा येतो.
वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांतल्या किमान ४ टक्के दिव्यांग आरक्षणात १ टक्का कर्णबधिरांसाठी आहे. सरकारी सेवेत असताना बहिरेपण आलं, तर तेवढ्यावरून कामावरून काढता येत नाही. वाहन परवान्याचा रस्ताही दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयाने मोकळा झाला.

सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीआधी शॉपमधून एक फेरी मारा आणि फक्त आवाजाने मिळणाऱ्या इशाऱ्यांची यादी करा. तिथे दिवे लावा, मग कर्णबधिर उमेदवाराची मशिनवर चाचणी घ्या.