जुन्या संगणकाचे टप्प्याटप्प्याने अद्ययावतीकरण

जुन्या संगणकाचे टप्प्याटप्प्याने अद्ययावतीकरण म्हणजे संपूर्ण नवा संगणक विकत न घेता, उपलब्ध पैशांनुसार त्याचे एकेक भाग बदलत किंवा वाढवत जाऊन त्याची कार्यक्षमता सुधारणे. ही पद्धत मुख्यत्वे डेस्कटॉप संगणकांना लागू पडते. लॅपटॉपमध्ये बहुधा रॅम आणि साठवणुकीचे साधन एवढेच बदलता येते. अनेक पातळ लॅपटॉपांत तर रॅमही मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते.

पार्श्वभूमी

सुटे भाग वाढवण्याची सोय आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून रुळली. त्यात विस्तारासाठी स्लॉट होते आणि इंटेलच्या ८०८७ या गणिती सहप्रोसेसरसाठी एक सॉकेट रिकामे ठेवलेले होते. ग्राहक नंतर भर घालील, हे रचनेतच गृहीत धरलेले होते. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले. त्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांची कॅबिनेट, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा संच एकमेकांशी जुळू लागले. भारतात दुकानातून भाग निवडून जोडून घेतलेले ‘असेंबल्ड’ संगणक बहुतांशी याच मानकाचे असतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड व दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नामांकित कंपन्यांच्या तयार कार्यालयीन संगणकांत मात्र मदरबोर्डचा आकार व विजेची जोडणी अनेकदा त्या कंपनीचीच असते. असा संगणक जुन्या बाजारातून स्वस्तात मिळाला, तरी पुढे त्यात बदल करणे कठीण जाते.

अडथळ्याचा शोध

संगणक मंद होण्याचे कारण न शोधता भाग विकत घेणे ही या कामातील सर्वांत महाग चूक होय. विंडोजमधील टास्क मॅनेजरमध्ये नेहमीचे काम चालू असताना प्रोसेसर, रॅम व डिस्क यांचा वापर पाहता येतो. प्रोसेसर निम्म्याहून अधिक मोकळा असताना डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर खिळला असेल, तर नवा प्रोसेसर घेऊन फरक पडत नाही. येथे एक फसवी बाब आहे. रॅम अपुरी पडली की कार्यकारी प्रणाली तिच्यातील मजकूर डिस्कवर हलवू लागते. त्यामुळे उणीव रॅमची असूनही लक्षण डिस्कचे दिसते. म्हणून दोन्ही आकडे एकत्रच वाचावे लागतात.

साठवणूक

दशकभर जुन्या संगणकात पहिला खर्च बहुधा सॉलिड स्टेट ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर करणे फायद्याचे ठरते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय शीर्ष योग्य जागी सरकायला वेळ लागतो. परिणामी विखुरलेल्या लहान फायली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने करू शकते. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ही संख्या हजारोंच्या घरात जाते. संगणक सुरू होणे किंवा प्रोग्रॅम उघडणे ही कामे अशाच लहान वाचनांची असतात. म्हणून जुनी, सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची साटा जोडणी असली तरी फरक ठळकपणे जाणवतो.

बदल करण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत वेगळ्या साधनावर घेणे अनिवार्य आहे. डिस्क मंद झाली आहे असे वाटते, तेव्हा ती निकामी होण्याच्या मार्गावरही असू शकते.

रॅम

रॅमच्या पिढ्या परस्परांत बदलता येत नाहीत. डीडीआर३ ला २४० व डीडीआर४ ला २८८ पिना असतात आणि त्यांच्या खाचाही वेगळ्या ठिकाणी असतात. मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील, तर आज ४ गिगाबाइटची पट्टी घेणे म्हणजे उद्या ती काढून टाकणे होय. थोडे थांबून ८ गिगाबाइटची घेणे स्वस्त पडते. कार्यकारी प्रणाली ३२-बिट असल्यास ४ गिगाबाइटच्या पलीकडील रॅमचा तिला सहसा उपयोग होत नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

येथे सॉकेटची मर्यादा येते. उदाहरणार्थ, इंटेलच्या एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि २०११ सालचा दोन गाभ्यांचा कोअर आय३-२१०० प्रोसेसर असलेल्या संगणकात, बायॉस अद्ययावत केल्यास, २०१२ सालचा चार गाभ्यांचा कोअर आय७-३७७० बसू शकतो. त्यापुढील पिढीचे सॉकेट वेगळे असल्याने मार्ग तिथेच संपतो. मग मदरबोर्ड, प्रोसेसर व बहुधा रॅम ही तिन्ही एकदम बदलावी लागतात. याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ सालच्या पहिल्या रायझेनपासून २०२० सालच्या ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर अनेक मदरबोर्डांवर चालतात.

यावरून खर्चाचा एक व्यावहारिक निकष मिळतो. एसएसडी, मॉनिटर, कॅबिनेट व चांगला वीजपुरवठा संच पुढच्या संगणकातही वापरता येतात. जुन्या सॉकेटचा प्रोसेसर आणि जुन्या पिढीची रॅम तिथेच अडकते. म्हणून दुसऱ्या गटावरील खर्च आटोपशीर ठेवतात, किंवा ते भाग वापरलेले घेतात.

वीजपुरवठा

भारतात ‘एसएमपीएस’ नावाने ओळखला जाणारा हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित असतो. पीसीआय एक्स्प्रेसच्या लांब स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक वीज एसएमपीएसच्या स्वतंत्र तारेतून द्यावी लागते. जुन्या एसएमपीएसमधील कपॅसिटर वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने क्षीण होतात आणि वेष्टनावर छापलेले वॉट प्रत्यक्षात मिळतीलच असे नसते. निकृष्ट एसएमपीएस जळताना मदरबोर्ड व डिस्कही निकामी करू शकतो, म्हणजे आधीच्या सर्व टप्प्यांचा खर्च एकाच वेळी वाया जातो.

मर्यादा

सर्व भाग सक्षम असूनही सॉफ्टवेअरमुळे संगणक कालबाह्य ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि बहुतांशी २०१७ नंतरचे प्रोसेसर अधिकृतपणे आवश्यक आहेत. वरील एच६१ संगणक त्यात बसत नाही. अशा संगणकांवर लिनक्सची एखादी वितरण आवृत्ती वापरता येते, परंतु केवळ विंडोजवर चालणाऱ्या लेखा किंवा मुद्रण प्रणालींवर ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांना हा पर्याय सहसा उपयोगी पडत नाही. त्यांच्या बाबतीत रॅम व प्रोसेसरवरील खर्च टाळून केवळ एसएसडी घेणे आणि उरलेली रक्कम नव्या मदरबोर्डसाठी राखून ठेवणे अधिक योग्य ठरते.