पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले कमीत कमी हवाई अंतर सुमारे 13,500 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात ही वाट चीन, जपान आणि पॅसिफिक महासागरावरून पूर्वेला जाईलसे वाटते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, की तो पुण्यातून जवळपास थेट उत्तरेला निघतो. हिमालय, पश्चिम चीन, सैबेरिया असा तो आर्क्टिक महासागरावर सुमारे 76 अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात.

मोठे प्रवासी विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडते. त्या हिशेबाने हा पल्ला पंधरा तासांचा. पण हा हिशेब कागदावरचा, कारण हवा स्थिर नसते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही पुढे जातो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट 13,900 किलोमीटरवरून 15,300 वर गेली, तरी वारा पाठीशी असल्याने ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. विमानप्रवासात किलोमीटरवर फार विसंबू नये, ते यासाठी.

वाऱ्याखेरीज राजकारणही आडवे येते. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला. वळसा म्हटला की जास्तीचे इंधन आले, आणि कधी वाटेत ते भरण्यासाठी थांबाही.

घड्याळाचा खेळ आणखी वेगळा. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेतेरा तास मागे असते. दिल्लीहून दुपारी चारला निघालेले विमान सोळा तासांनी उतरले, तर भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात. तिथे मात्र निघाल्याच दिवसाची संध्याकाळ, साडेसहा. परतीला पुरी रात्र आणि दिवस हातचा जातो.

पुण्याहून मात्र अमेरिकेला थेट विमान नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तिथली धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, तर मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची. शिवाय लोहगाव समुद्रसपाटीपासून जवळपास 590 मीटर उंच. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धाव लांबते. पोटभर इंधन घेतलेल्या अवजड विमानाला इथून उडायचे, तर प्रवासी किंवा सामान कमी करावे लागेल. मार्च 2024 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या टर्मिनलने प्रवाशांची सोय वाढली, धावपट्टी तेवढीच राहिली.

त्यामुळे पुणेकराचा प्रवास बहुधा टॅक्सीतून सुरू होतो. मुंबई विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटरवर. वाहतूक मोकळी असेल तर तीन-साडेतीन तास, पण बोरघाटात ट्रक बंद पडला की सगळे गणित फिसकटते. म्हणून जाणते लोक सहा तास हाताशी ठेवून निघतात. विमानतळावरचे तीन तास धरले, तर विमान हलण्याआधीच नऊ तास गेलेले असतात. दिल्लीमार्गे जायचे, तर लोहगावहून सव्वादोन तासांचे विमान मिळते आणि घाट टळतो. मात्र पुढचे विमान चुकू नये म्हणून मध्ये चारेक तास ठेवावे लागतात.