जुन्या फोनबरोबर रिपोर्ट विकू नका

नवा फोन आला की जुना पिंपरी कॅम्पातल्या दुकानात जातो, नाहीतर चाकण एमआयडीसीत शिफ्टमधल्या सहकाऱ्याला विकला जातो. त्यातच रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो असतात. आजार ही खासगी बाब. ती परक्याच्या हाती जाऊ नये.

२०१५ मधल्या अँड्रॉइड ६ पासून बहुतेक नव्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपात साठते. रीसेट केल्यावर ती उलगडण्याची किल्लीच नष्ट होते. मात्र ‘रूट’ केलेल्या फोनचे तेवढ्यावर भागत नाही. माहिती पुसली जाते, पण बदललेली मूळ प्रणाली तशीच राहू शकते. अशा फोनवर बँकांची अनेक ॲप चालत नाहीत आणि नव्या मालकाची माहितीही असुरक्षित राहते.

म्हणून आधी रिपोर्ट दुसरीकडे उतरवून घ्या. गूगल खाते काढा. नाहीतर रीसेटनंतर फोन जुन्या खात्याचाच पासवर्ड मागू शकतो. नेमक्या त्याच मॉडेलची कंपनीची प्रणाली टाका. फोन नीट सुरू झाल्यावरच बूटलोडर पुन्हा लॉक करा. बदललेल्या प्रणालीवर लॉक केल्यास फोन बंद पडू शकतो. शेवटी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. जमत नसेल तर अधिकृत सेवा केंद्रात जा. बॅटरी फुगली असेल तर मात्र फोन विकू नका. ई-कचरा संकलन केंद्रात द्या.