आपाची गच्ची आणि आमचं छप्पर

माझी आपा सोलापूरला असते. गेल्या वर्षी तिने घरावर सोलर बसवलं. ईदला आली तेव्हा तिच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. "तीन वर्षांत पैसे वसूल! तुम्हीही लावा."

आम्ही रत्नागिरीचे. शिक्षिकेची खोड, मी वही घेऊन बसले.

नकाशात दोन्ही शहरं सतरा अंश अक्षांशाच्या आसपास. सूर्य तोच, पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. उन्हाळ्यातले जादा युनिट नेट मीटरमुळे पावसाळ्यासाठी जमा राहतात, म्हणून एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

खरा फरक बिलात निघाला. आपाचं एकत्र कुटुंब, दोन कूलर, पाण्याची मोटर. महिन्याला साडेतीनशे युनिट. आमचे जेमतेम एकशे दहा. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, पुढच्यांचा बराच जास्त. म्हणजे आपाचे महागडे युनिट वाचतात, आमचे स्वस्त.

तिच्या ३ किलोवॅटला १,९०,००० रुपये लागले. २०२४च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० परत आले. उरले १,१२,०००, महिन्याला तीनेक हजार वाचतात. तिचं म्हणणं बरोबरच आहे.

आम्हाला १ किलोवॅट पुरतं. त्याचा भाव आला ७५,०००. पण सोलापूरची गच्ची सपाट, आमच्या स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड. त्यावर वाऱ्याला टिकेल आणि खाऱ्या हवेत गंजणार नाही असा सांगाडा हवा, त्याचे १५,००० वेगळे. अनुदान ३०,०००. उरले ६०,०००. वर्षाची सरासरी धरून महिन्याला शंभर युनिट, वाचणार सातशे रुपये. म्हणजे सात वर्षं! पॅनेल पंचवीस वर्षं चालतात, तेव्हा तोटा नाही. पण आपाचा तीनाचा आकडा आमच्या घरी लागू होत नाही.

आणि माड! अस्रच्या सुमाराला त्याची सावली शेडवर येते. एका पॅनेलवर सावली पडली की जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज घटते. बसवणारा म्हणाला, "तोडून टाका." अब्बांच्या हातचा माड आहे तो. पॅनेल पूर्वेच्या टोकाला सरकवायचं ठरलं. वायर थोडी जास्त लागेल.

अनुदान नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण ९०,००० भरावे लागतात. तेवढे साठेपर्यंत मी वर्षभराची बिलं एका फाइलीत लावून ठेवली आहेत. तुम्हीही आधी तुमची काढून बघा.