दर्या आणि दऱ्या : संगणकावरील मराठीची कसोटी

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा गावाच्या पश्चिमेस दर्या आहे, तर पूर्वेकडे दूरवर सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. या दोन शब्दांतील भेद मराठी वाचकास सांगावा लागत नाही. संगणकास मात्र तो शिकवावा लागतो. ग्रामपंचायतीत तयार झालेला दाखला तालुक्याच्या संगणकावर वा नागरिकाच्या मोबाइलवर उघडला असता त्यातील नाव बदलता कामा नये. ही जबाबदारी पडद्याआडची ‘लायब्ररी’, म्हणजे अनेक कार्यक्रमांना सामाईकपणे उपयोगी पडणारा आज्ञासंच, पार पाडीत असते.

पूर्वीच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट नसला की मजकूर निरर्थक होई. 1991 साली युनिकोड प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची मांडणी 1988 च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. त्यामुळे प्रत्येक वर्णास एकच क्रमांक लाभला.

अडचण कोठे?

क्रमांकांवरून जोडाक्षर घडविण्याचे काम लायब्ररीचे होय. अँड्रॉइड व लिनक्सवर ते प्रामुख्याने ‘हार्फबझ’ करते; विंडोज व ॲपलच्या स्वतःच्या यंत्रणा आहेत. ‘दऱ्या’तील र दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ वापरून, अथवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसावयास दोन्ही सारखे. परंतु एका रीतीने नोंदविलेले नाव दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही.

शिवाय प्रत्येक प्रणालीचा पाया निराळा. अक्षर साठविण्याचा एकच प्रकार विंडोजवर 16 बिटांचा, तर लिनक्सवर 32 बिटांचा असतो. फाँटच्या फाइलीत संख्येचा मोठा भाग आधी येतो. बहुतेक प्रचलित यंत्रे लहान भाग आधी ठेवतात. एका यंत्रावर बिनचूक चालणारी आज्ञा दुसरीकडे चुकते ती अशा कारणांनी.

उपाय

अक्षरजोडणीचे नियम सर्वत्र एकच ठेवावयाचे, प्रणालीशी निगडित भाग वेगळा व लहान राखावयाचा आणि प्रत्येक बदल सर्व प्रणालींवर तपासावयाचा, हा यावरील मार्ग आहे. कार्यालयांनी व शाळांनी युनिकोडचाच वापर करावा, जुने दस्तऐवज रूपांतरित केल्यावर मुळाशी ताडून पाहावेत आणि नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन शब्द तीवर लिहून, छापून व शोधून पाहावेत. नागरिकाचे नाव सर्वत्र तेच राहिले, तरच दाखल्यास अर्थ आहे.