फिल्मवरील चित्रे आणि सॉफ्टवेअरची निवड

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी फिल्मचा कॅमेरा हाताळलेला नसेल. तथापि घरातील एखाद्या जुन्या पेटीत, आजोबांच्या कागदपत्रांखाली, निगेटिव्हच्या पट्ट्या असण्याचा संभव आहे. आमच्या या भोपाळ शहरात अशा पट्ट्यांस वेगळेच मोल आहे. १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यांतील कित्येकांचा चेहरा आज एखाद्या निगेटिव्हवरच उरला असेल.

त्या दुर्घटनेची जगास ओळख करून देणारी दोन छायाचित्रे एकाच अनामिक बालकाच्या दफनाची आहेत. रघू राय यांचे चित्र कृष्णधवल, तर पाब्लो बार्थोलोम्यू यांचे रंगीत असून त्यास वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. विषय एक, पण फिल्मच्या जाती दोन. हा भेद पुढे आपल्या कामी येईल.

फिल्मची प्रतिमा संगणकात उतरविण्यास सपाट काचेचा स्कॅनर पुरतो, मात्र त्याच्या झाकणात दिवा हवा. कारण फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो. यंत्र केवळ प्रकाश मोजते. त्या मोजणीचे चित्र कसे करावयाचे, हे सॉफ्टवेअर ठरविते, आणि येथेच घात होतो. बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून चित्र ‘सुधारते’: काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे. चित्र प्रथमदर्शनी झोकदार दिसते, परंतु सावलीत उभ्या असलेल्या माणसाचे नाकडोळे त्या काळ्यात कायमचे बुडतात. फाइल ८ बिटची असेल, तर प्रत्येक रंगास २५६ छटा मिळतात. १६ बिटची असेल, तर ६५,५३६. म्हणून आमच्या मते पहिली कसोटी एकच: यंत्राने मोजलेले जसेच्या तसे, १६ बिटमध्ये, कोणताही साजशृंगार न करता जपून ठेवण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे काय? सुधारणा पुढे शंभर वेळा करता येईल. निगेटिव्ह मात्र तोवर टिकेलच असे नाही.

दुसरी कसोटी धुळीची. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी फिल्म पुन्हा एकदा पाहतात. रंगीत फिल्मवरील रंगद्रव्यांतून हे किरण सहज पार होतात, धूळ व ओरखडे मात्र त्यांस अडवितात. त्यामुळे सॉफ्टवेअरला डाग नेमके ओळखून पुसता येतात. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर चित्र चांदीच्या कणांचे असते, आणि चांदीही या किरणांस अडविते. परिणामी सॉफ्टवेअर चित्रासच धूळ समजून पुसू लागते! बार्थोलोम्यू यांच्यासारख्या रंगीत चित्रास जे वरदान, तेच राय यांच्यासारख्या कृष्णधवल चित्रास घातक. २००९ साली ज्याचे उत्पादन थांबले, त्या कोडाक्रोमची रंगीत पारदर्शिकाही या बाबतीत दगा देते. तेव्हा ही सोय ज्यात बंद करता येत नाही, ते सॉफ्टवेअर घेऊ नये.

आता नावे. एड हॅमरिक यांनी १९९८ साली काढलेले व्ह्यूस्कॅन हजारो जातींचे स्कॅनर चालविते. कंपनीने ज्यांच्याकडे पाठ फिरविली, असे जुने स्कॅनरही त्यात आहेत. त्याच्या वरच्या आवृत्तीत कच्ची फाइल साठविता येते व पुढे तीच फाइल उघडून नव्याने स्कॅन केल्याप्रमाणे चित्र घडविता येते. त्याचा तोंडवळा रूक्ष आहे, हे खरे. जर्मनीतील कील येथील लेझरसॉफ्ट या कंपनीचे सिल्व्हरफास्ट रंगीत निगेटिव्हवरील नारिंगी झाक काढण्यात तरबेज. फिल्मची जात सांगितली की त्याप्रमाणे ते रंग उलटविते. मात्र त्याचा परवाना विशिष्ट स्कॅनरपुरता असतो. यंत्र बदलले की पुन्हा खर्च. एप्सनच्या यंत्रांबरोबर येणारे सॉफ्टवेअर फुकट असते आणि त्यातील सुधारणा बंद करून १६ बिटची फाइल घेता येते. घरच्या दोन-चार पट्ट्यांस ते पुरे. शाळेने घ्यावयाचे झाल्यास आम्ही व्ह्यूस्कॅनकडे कौल देऊ, कारण शाळांतील यंत्रे जुनीच असतात! पहिल्या दोहोंच्या मोफत नमुना-आवृत्त्या मिळतात. चित्रावर त्यांची छाप उमटते, पण पारख करण्यास अडचण नाही.

वेष्टनावरील मोठ्या आकड्यांस मात्र भुलू नये. इंचास ६४०० बिंदू अशी जाहिरात असली, तरी सपाट काचेच्या यंत्रातून प्रत्यक्षात याच्या निम्म्याहूनही कमी बारकावा हाती येतो. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४०० बिंदूंनी घेतल्यास १६ बिटची रंगीत फाइल सुमारे ४६ मेगाबाइटची होते. ६४०० नी घेतल्यास सुमारे ३३० ची. पदरात पडते ते जवळपास तितकेच.

आम्ही मूळचे कोकणी बोलणारे. समुद्रकाठी निगेटिव्हला बुरशी लागते, आणि इकडचा उन्हाळाही फिल्मला मानवत नाही. जिला शिरक्यासारखा वास येऊ लागला आहे, तिचा आधार कुजू लागला असे समजावे आणि ती पट्टी इतरांच्या आधी घ्यावी. कच्च्या फाइलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. चित्रातील माणसांची नावे कोणतेही सॉफ्टवेअर सांगणार नाही. ती आजीला विचारून त्याच दिवशी फाइलच्या नावात लिहावीत.