गांजा सोडल्यावरचे पंधरा दिवस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

किनाऱ्यावरचं पेडणं असो की डिचोलीतलं कारापूर, ‘गांजा काय, मनात आलं की सुटतो’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. मग सोडणाऱ्याची झोप उडते, घरात खटके उडतात आणि कारण कुणालाच कळत नाही.

गैरसमज : गांजा सोडल्यावर शरीराला काही होत नाही.
वस्तुस्थिती : दीर्घकाळ, जवळजवळ रोज ओढणाऱ्यांपैकी अनेकांना होतं. चिडचिड, बेचैनी, उदासी, भूक मरणं यांच्या जोडीला घाम, थंडी, डोकेदुखी, पोटदुखी, हाताला कंपही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून याची स्वतंत्र नोंद आहे. कधीतरी ओढणाऱ्याला बहुधा काही जाणवत नाही.

गैरसमज : हा नुसता मनाचा खेळ.
वस्तुस्थिती : गांजातलं टीएचसी मेंदूतल्या ‘सीबी-१’ ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करतं. रोजच्या माऱ्यामुळे मेंदू हे ग्राही कमी करतो. झोप, भूक, मनःस्थिती यांच्याशी त्यांचा संबंध असल्याने गांजा थांबताच तिथेच घडी बिघडते. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन दिवसांतच ग्राही सावरू लागल्याचं आणि साधारण चार आठवड्यांत पूर्ववत झाल्याचं दिसलं आहे.

गैरसमज : पुन्हा ओढल्यावर बरं वाटतं, म्हणजे गांजा हेच औषध.
वस्तुस्थिती : तो आराम म्हणजे सोडल्याचा त्रास तात्पुरता दबणं. त्रास एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात वाढतो आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार महिनाभर रेंगाळू शकते. तंबाखूत मिसळून ओढणाऱ्याला निकोटिनची तलफही छळते. झोपेसाठी दारू घेणं म्हणजे दुसऱ्या व्यसनाला दार उघडणं.

गैरसमज : उपचाराला गेलं की पोलीस मागे लागतात.
वस्तुस्थिती : उपचार घेणं गुन्हा नाही. उलट, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४-अ, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केल्यास तिला खटल्यातून सूट देतं.

या त्रासावर खास मंजूर औषध नाही. समुपदेशन आणि लक्षणांनुसार उपचार उपयोगी पडतात. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे, ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. भास होऊ लागले किंवा जीव द्यावासा वाटला, तर पंधरा दिवस संपायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.